युरोपात पुढची गाडी सारखी चुकते? मिनिटं मोजण्याआधी हे तपासा

ॲपवर मार्ग शोधला, जर्मनीतल्या मानहाइमला सात मिनिटांत गाडी बदलायची असं दिसलं, तिकीटही मिळालं. प्रत्यक्षात पहिली गाडी अकरा मिनिटं उशिरा आली आणि पुढची डोळ्यांदेखत निघून गेली. त्याचा धसका घेऊन पुढच्या वेळी मध्ये दोन तास ठेवले, तर गाडी अगदी वेळेवर आली आणि अख्खी दुपार फलाटावर गेली. युरोपात राहणारे आणि सुट्टीत आईबाबांना स्वित्झर्लंड, पॅरिस, इटली दाखवायला नेणारे कितीतरी जण या दोन टोकांमध्येच हेलकावे खातात. मग सगळे तोच प्रश्न विचारतात: गाडी बदलायला नेमकी किती मिनिटं ठेवायची?

सगळीकडे लागू पडेल असा एक आकडा नाही, आणि लोक तोच शोधत राहतात म्हणून हा त्रास पुन्हा पुन्हा होतो. आधी वेगळा प्रश्न विचारा. ही गाडी चुकली तर माझं काय होईल? पुढची गाडी अर्ध्या तासात आहे आणि हेच तिकीट तिच्यात चालतं, तर पाच मिनिटांचं कनेक्शनही बिनधास्त घ्या. पुढची गाडी थेट उद्या सकाळी असेल, किंवा ऐनवेळी नवं महागडं तिकीट काढावं लागणार असेल, तर एक तासही कमी आहे. या उत्तरावरून मिनिटं ठरतात.

तिकीट एक आहे की दोन?

माझ्या मते निम्म्याहून जास्त भानगडी इथे होतात, म्हणून हे सगळ्यात आधी.

पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर, म्हणजे एकाच करारावर असेल, तर मधली गाडी चुकल्यावर तुम्हाला शेवटच्या स्टेशनपर्यंत पोचवणं ही रेल्वेची जबाबदारी असते. युरोपीय संघाचा २०२१/७८२ हा नियम ७ जून २०२३ पासून लागू आहे. शेवटच्या स्टेशनवर तासभर किंवा त्याहून जास्त उशीर होणार असं दिसलं, की पैसे परत घ्यायचे, लवकरात लवकर दुसऱ्या मार्गाने जायचं, की सोयीच्या दुसऱ्या वेळी जायचं, हे प्रवाशाने ठरवायचं. जर्मनीत तर शेवटच्या स्टेशनवर वीस मिनिटांचा उशीर अपेक्षित असला, तरी स्वस्त तिकिटावरची ठरावीक गाडीची अट गळून पडते आणि दुसऱ्या गाडीने जाता येतं.

दोन वेगळी तिकिटं असली की हे संरक्षण पहिल्या तिकिटाबरोबर संपतं. पहिली गाडी उशिरा आली, तर पहिल्या तिकिटापुरतं काय ते मिळेल. दुसऱ्या गाडीचं नुकसान मात्र तुमचं तुम्हालाच सोसावं लागतं.

जर्मनीतल्या आपल्या लोकांच्या बाबतीत हे बहुतेक वेळा डॉइचलांड-टिकेटमुळे होतं. महिन्याचा पास हातात आहे, मग घरापासून मोठ्या स्टेशनापर्यंत लोकल किंवा रिजनल गाडीने पासवर जाऊ आणि तिथून पुढचं आयसीई या वेगवान गाडीचं स्वस्त तिकीट काढू, म्हणजे चार पैसे वाचतील, असा विचार असतो. रिजनल गाडी रखडली आणि आयसीई गेली, तर तिकीट वाया जातं, कारण पास हा एक करार आणि आयसीईचं तिकीट हा दुसरा. उपाय सोपा आहे. आयसीईचं तिकीट काढताना सुरुवातीचं ठिकाण म्हणून घराजवळचं स्टेशन टाका. बऱ्याचदा किमतीत थोडाच फरक पडतो, आणि रिजनल गाडीही त्याच करारात येते.

एकच तिकीट हवं आणि मध्ये वेळही जास्त हवा, असंही जमतं. डॉइच बानच्या, म्हणजे जर्मन रेल्वेच्या, ॲपमध्ये आणि संकेतस्थळावर मधलं स्टेशन टाकून तिथे किती वेळ थांबायचं ते सांगता येतं. फ्रँकफर्ट ते व्हिएन्ना शोधताना मध्ये न्युर्नबर्ग टाका, पाऊण तास थांबा म्हणा, आणि एकाच तिकिटावर सैल कनेक्शन घ्या. गाडी बदलायला किमान किती वेळ हवा, ही सेटिंगही तिथेच असते. आईबाबा बरोबर असतील तर ती बदलल्याशिवाय शोध सुरूच करू नका.

मार्गावर दोन देशांच्या वेगवेगळ्या कंपन्या असल्या की दोन तिकिटं कधीकधी टळत नाहीत. अशा वेळी तिकिटं शक्यतो एकाच रेल्वेकंपनीकडून, एकाच व्यवहारात घ्या. हे करार स्वतंत्र आहेत असं आधी सांगितलेलं आणि तिकिटावर छापलेलं नसेल, तर नियम ती एकच प्रवास म्हणून धरतो. आंतरराष्ट्रीय प्रवासासाठी काही रेल्वेकंपन्यांमध्ये आणखी एक करार आहे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला एजेसी म्हणतात. कनेक्शनला पुरेसा वेळ ठेवलेला असूनही आधीच्या गाडीच्या उशिरामुळे पुढची चुकली, तर त्याच कंपनीच्या पुढच्या गाडीत जागा असेल तर जाऊ देतात. त्यासाठी उशिराचा पुरावा लागतो, म्हणून गाडीतल्या तिकीट तपासनिसाकडून किंवा स्टेशनवरच्या काउंटरवरून तशी नोंद करून घ्या. ही सवलत सगळ्या कंपन्यांकडे नाही. तिच्यावर विसंबून पंधरा मिनिटांचं कनेक्शन घेऊ नका.

ॲपची सात मिनिटं कुठून येतात?

प्रत्येक स्टेशनला गाडी बदलायचा एक किमान वेळ ठरवून दिलेला असतो, आणि ॲप त्यात बसणारी कनेक्शनं दाखवतं. पहिली गाडी वेळेवर येईल आणि तुम्ही झपझप चालाल, हे त्यात गृहीत असतं. तेवीस किलोची बॅग, बंद पडलेली लिफ्ट आणि गुडघे दुखणारी आई त्यात धरलेली नसते.

गाडी वेळेवर येईल का, हे मात्र देशावर अवलंबून आहे. २०२४ मध्ये डॉइच बानच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्के वेळेवर होत्या. तिथे 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर, आणि रद्द झालेल्या गाड्या या हिशेबात धरत नाहीत. पाच मिनिटं उशिरा आलेली गाडी आकडेवारीत वेळेवर असते आणि तुमच्या सात मिनिटांतली दोनच उरलेली असतात. स्विस रेल्वेकडे उशिराची मोजणी तीन मिनिटांपासून सुरू होते, आणि त्या कडक मापानेही त्याच वर्षी ९३ टक्क्यांच्या आसपास गाड्या वेळेवर होत्या.

स्वित्झर्लंडचं वेळापत्रकच मुळी गाडी बदलण्याभोवती बांधलेलं आहे. १९८२ पासून देशभर ठरावीक अंतराने गाड्या सुटतात. डिसेंबर २००४ च्या मोठ्या बदलानंतर बर्न ते झुरिक प्रवास तासाच्या आत आला, त्यामुळे दोन्ही स्टेशनांवर तासाच्या ठोक्याच्या आसपास सगळीकडच्या गाड्या एकत्र येतात, पाच-सात मिनिटं थांबतात आणि पांगतात. तिथे सहा मिनिटांचं कनेक्शन मुद्दाम आखलेलं असतं. चुकलं तरी पुढची गाडी अर्ध्या किंवा एक तासात असते, आणि साधं स्विस तिकीट ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. लुसर्नला उतरून एंगेलबर्गची, म्हणजे टिटलिसकडे जाणारी गाडी पकडायची असेल, तर ॲप म्हणेल ते डोळे झाकून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये जास्तीचा वेळ ठेवून दिवस घालवू नका, असं मी सगळ्यांना कळकळीने सांगते. स्वस्तातलं ठरावीक गाडीचं तिकीट घेतलं असेल तरच थोडं सांभाळा.

जर्मनीत आयसीईहून आयसीईला मी अर्धा तास ठेवते, वडीलधारी मंडळी बरोबर असतील तर पाऊण. त्यातही स्टेशन बघावं लागतं. फ्रँकफर्ट आणि लाइपझिग इथे मुख्य फलाट एका टोकाला जोडलेले आहेत, त्यामुळे जिने चढावे लागत नाहीत, फक्त चालावं लागतं. कोलोन, हॅम्बुर्ग, हानोफरला दुसऱ्या फलाटावर जायचं तर जिना किंवा लिफ्ट आलीच. बर्लिनला एक ते आठ हे फलाट जमिनीखाली आणि अकरा ते सोळा वरच्या मजल्यावर आहेत. म्युनिकला मुख्य इमारतीच्या दोन्ही बाजूंना आत सरकलेले उपविभाग आहेत, तिथे पाच नंबरवरून तीस नंबरवर पोचायला दहा मिनिटं सहज जातात. मानहाइमला मात्र अनेक आयसीई एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात, म्हणून तिथे सात मिनिटं कागदावर शोभून दिसतात.

ठरावीक गाडी नेहमी किती उशिरा येते हे आधी बघता येतं. त्सूगफाइंडर नावाच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की तिचा मागचा इतिहास दिसतो. सारखी वीस मिनिटं मागे असणारी गाडी असेल, तर सरळ तिच्या आधीची घ्या.

थेट गाडीही कधी बदलावी लागते, हे अनेकांना ठाऊक नसतं. जर्मनीहून झुरिक किंवा इंटरलाकेनकडे निघालेली आयसीई फार उशिरा बाझेलला पोचली, तर स्विस बाजू आपलं वेळापत्रक बिघडू नये म्हणून तिला तिथेच थांबवते आणि पुढचा टप्पा दुसऱ्या गाडीने होतो. घाबरायचं कारण नाही, तिकीट चालतं. फक्त बाझेल येण्याआधीच सामान हाताशी आणून ठेवा, आणि बाझेल बाडिशर बानहोफ व बाझेल एसबीबी ही दोन वेगळी स्टेशनं आहेत हे लक्षात असू द्या.

उतरायचं आणि चढायचं स्टेशन एकच आहे ना?

पॅरिसमध्ये नेहमीच नसतं. लंडन, ब्रसेल्स, कोलोनहून येणारी गाडी गार द्यु नॉरला येते (गार म्हणजे स्टेशन). फ्रँकफर्ट, स्टुटगार्टची गाडी गार द लेस्टला लागते. लियाँ, मार्सेय, मिलानकडे जायचं तर गार द लियाँ गाठावं लागतं, बोर्दोकडे जायचं तर मोंपारनास. सीएसएमटीला उतरून कुर्ला टर्मिनसहून पुढची गाडी पकडण्यासारखं हे आहे. गार द्यु नॉर ते गार द लियाँ आरईआर डी या लोकलने मध्ये एकच स्टेशन लागतं, पण तिकीट काढणं, जिने, गर्दी आणि अनोळखी पाट्या धरून मी दीड तासाहून कमी ठेवत नाही. नॉर ते लेस्ट मात्र चालत दहा मिनिटांचं अंतर आहे.

पॅरिस टाळता आलं तर सगळ्यात बरं. स्ट्रासबुर्ग आणि लील या दोन्ही शहरांतून लियाँ-मार्सेयकडे पॅरिसला वळसा घालून थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाड्या, जातात. लीलला तेवढं बघा, की लील युरोप आणि लील फ्लांद्र ही दोन स्टेशनं आहेत, जवळजवळ पण वेगळी.

माद्रिदला बार्सिलोनाहून येणारी गाडी बहुधा आतोचाला येते, उत्तरेकडच्या गाड्या आणि आता व्हॅलेन्सियाच्या बऱ्याच गाड्याही चामार्तीनहून सुटतात. कोलोनला मुख्य स्टेशनाऐवजी नदीपलीकडचं मेसे/डॉइट्झ तिकिटावर असू शकतं. व्हेनिसला सांता लुचिया बेटावर आणि मेस्त्रे त्याच्या अलीकडे, बुडापेस्टला केलेटी आणि न्युगाती, बेल्जियममध्ये तर एकाच गावाला दोन नावं. तिकिटावरचं पूर्ण नाव अक्षर न अक्षर वाचा.

फाटक कधी बंद होतं?

गाडी सुटायची वेळ आणि तिच्यात चढता येण्याची शेवटची वेळ यांत काही गाड्यांच्या बाबतीत बरंच अंतर असतं. फ्रान्समध्ये टीजीव्हीचे दरवाजे सुटण्याआधी दोन मिनिटं बंद होतात. स्पेनमध्ये वेगवान गाड्यांसाठी सामान यंत्रातून तपासतात, आणि तिथेही प्रवेश आधीच बंद होतो.

लंडनला जाणाऱ्या युरोस्टार गाडीचं तर वेगळंच आहे. ब्रसेल्स मिडीला किंवा गार द्यु नॉरला सामानाची तपासणी, युरोपातून बाहेर पडण्याची तपासणी आणि ब्रिटिश पासपोर्ट तपासणी हे सगळं गाडीत चढण्याआधी होतं. साध्या तिकिटाचं फाटक सुटण्याआधी अर्धा तास बंद होतं, म्हणजे ॲपवर दिसणारी पन्नास मिनिटं खरं तर वीसच असतात. भारतीय पासपोर्टवर व्हिसा बघायला वेळ जातो. जर्मनीहून ब्रसेल्समार्गे लंडनला जाताना मी दोन तास ठेवायला सांगते आणि यात तडजोड करू नका असंही सांगते, कारण युरोस्टारला जागा राखीव लागते आणि ऐनवेळचं तिकीट फार महाग पडतं. परत येणार असाल तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे ना, तेही तिकीट काढण्याआधी बघा.

इटलीत फाटकापेक्षा कंपनीचा घोळ जास्त. ट्रेनइटालिया आणि इटालो या वेगळ्या कंपन्या आहेत, एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही. मिलानला स्वित्झर्लंडहून येऊन पुढे रोम-फ्लॉरेन्सची वेगवान गाडी घेणार असाल, तर एक तास ठेवा.

पास असलेल्यांनी हाच हिशेब देशाप्रमाणे करावा. अनेक देशांत चालणाऱ्या युरेल किंवा इंटररेल पासवर जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांना आरक्षण सक्तीचं नाही, त्यामुळे गाडी चुकली तर फक्त वेळ जातो. फ्रान्स, स्पेन, इटलीच्या वेगवान गाड्यांत आरक्षण लागतं आणि पासवाल्यांसाठी जागा मोजक्याच असू शकतात.

शेवटची गाडी

दिवसातली शेवटची गाडी कनेक्शन म्हणून घ्यायचीच नाही. तिच्या आधीची धरा, म्हणजे शेवटची हाताशी उरते. हॉलश्टाटचं उदाहरण बघा. साल्झबुर्गहून जाताना आटनांग-पुखहाइमला गाडी बदलावी लागते, आणि हॉलश्टाटचं स्टेशन तलावाच्या पलीकडच्या काठावर आहे. गावात जायला बोट घ्यावी लागते, ती गाड्यांच्या वेळा सांभाळून सुटते, पण रात्री उशिरा नसते. म्हणजे आटनांगचं कनेक्शन ठरवताना गाडीची नाही, शेवटच्या बोटीची वेळ बघायची. डोंगरातल्या, किनाऱ्यावरच्या, बस किंवा बोटीवर संपणाऱ्या प्रत्येक प्रवासाला हे लागू आहे.

मुंबईहून विमानाने येऊन लगेच गाडी

विमान, इमिग्रेशन आणि सामान यांचा वेळ कुणालाच नक्की सांगता येत नाही. इथे ठरावीक गाडीचं स्वस्त तिकीट घेऊ नका. विमानकंपनी रेल-अँड-फ्लाय, म्हणजे विमानाच्या तिकिटाला जोडून रेल्वेचं तिकीट, देत असेल तर ते घ्या, कारण ते ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं. नाहीतर फ्लेक्सप्राइस, म्हणजे ठरावीक गाडीची अट नसलेलं तिकीट काढा. फ्रँकफर्ट विमानतळावर लांब पल्ल्याचं आणि रिजनल अशी दोन वेगळी स्टेशनं आहेत, आईबाबा एकटे येणार असतील तर त्यांना फलाट क्रमांकासकट लिहून द्या: लांब पल्ल्याच्या गाड्या चार ते सात, रिजनल एक ते तीन.

तिकीट काढलं, पण वेळाच बदलल्या

युरोपभर वेळापत्रक डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या सुमारास बदलतं. त्याशिवाय रुळांची कामं चालू असतात. फ्रँकफर्ट-मानहाइम हा गजबजलेला मार्ग २०२४ मध्ये जुलैच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत पूर्ण बंद ठेवला होता. मिलान-पॅरिस मार्ग ऑगस्ट २०२३ च्या दरडीनंतर २०२५ च्या वसंतापर्यंत खंडित होता. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी तोच मार्ग ॲपवर नव्याने शोधा. आपली गाडी दिसत नसेल किंवा वेळ सरकली असेल तर तेव्हाच रेल्वेशी बोला.

चुकलीच तर

गाडीत बसलेले असतानाच कामाला लागा. उशीर होणार असं दिसलं की तिकीट तपासनिसाला शोधा आणि पुढची गाडी थांबणार आहे का ते विचारा. कधीकधी थांबवतात. कधी तो सांगतो की इथे उतरू नका, पुढच्या स्टेशनला उतरा, तिथून गाडी लवकर मिळेल. हा सल्ला ॲपपेक्षा चांगला असू शकतो.

घाईघाईत नवं तिकीट काढू नका. सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. आधी ठरावीक गाडीची अट सुटली आहे का ते बघा, ॲपच्या सूचनेचा फोटो काढून ठेवा, काउंटरवर उशिराचा शिक्का घ्या. पुढचा पर्याय देणं रेल्वेचं काम आहे. चुकलेल्या कनेक्शनच्या किंवा रद्द झालेल्या गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून शंभर मिनिटांत तिने काहीच पर्याय कळवला नाही, तर तुम्ही स्वतः दुसऱ्या रेल्वेने किंवा बसने जाऊन वाजवी खर्च मागू शकता. टॅक्सी त्यात धरलेली नाही. आधीचं आसन-आरक्षण मात्र गेलेलं असतं, नव्या गाडीत ते पुन्हा करावं लागतं, गर्दीच्या दिवशी ते लगेच करा.

तासभराहून जास्त थांबावं लागलं तर खाण्यापिण्याची, आणि रात्र काढावी लागली तर शक्य असेल तिथे हॉटेलची सोय रेल्वेने करायची असते. काउंटर बंद असेल तर सगळ्या पावत्या जपून ठेवा. शेवटच्या स्टेशनवर एक तास ते एक तास एकोणसाठ मिनिटं उशीर झाला, तर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तास किंवा जास्त झाला, तर ५० टक्के भरपाई मिळते. अतिवृष्टी, वादळ यांसारख्या कारणांत ही भरपाई नाकारता येते, पण पुढे पोचवण्याची जबाबदारी तशीच राहते. रेल्वेच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या संपाचं कारण सांगून मात्र भरपाई नाकारता येत नाही. डॉइच बानकडे अर्ज तीन महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि तिकीट ॲपवर काढलं असेल तर तो तिथूनच भरता येतो.